डिसेक्शन हॉलचं दार इंजिनिअरांसाठी उघडा

राज्यात नवं वैद्यकीय महाविद्यालय निघालं की त्याच्या माहितीपत्रकात एक फोटो हमखास असतो. पांढऱ्या कोटातली पाच-सहा मुलं एका लांब काचेच्या टेबलाभोवती उभी, टेबलावर प्रकाशाचा एक माणूस आडवा पडलेला आणि एक मुलगी बोटाने त्याच्या छातीचे स्नायू बाजूला सारते आहे. खाली ओळ: ‘अत्याधुनिक व्हर्च्युअल डिसेक्शन’, म्हणजे पडद्यावरचं शवविच्छेदन. इथे वास नाही, देह टिकवणाऱ्या फॉर्मलिनने डोळ्यांत पाणी येणं नाही, बेवारस देहासाठी पोलीस ठाण्याच्या कागदांमागे धावणं नाही. चुकीची नस कापली गेली तर एका बोटात ती परत जोडता येते. पालकांना हे आवडतं, संस्थाचालकांना तर फारच. आणि मग दबक्या आवाजात विचारलं जातं की खरे देह आता हवेत कशाला?

प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. २०१४च्या सुमारास देशात एमबीबीएसच्या जागा पन्नास हजारांच्या आसपास होत्या, आज त्या लाखाच्या पुढे गेल्या आहेत. दहा विद्यार्थ्यांमागे एक देह हा जुना दंडक. देहदान काही जागांच्या वेगाने वाढलेलं नाही. १९९७च्या नियमावलीने पहिलं वर्ष अठरा महिन्यांवरून बारावर आणलं, तेव्हापासून डिसेक्शनचे तास कापले जाताहेत ते जाताहेतच. शिवाय फॉर्मलिनमधलं फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवतं, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जाहीर करून दोन दशकं झाली, आणि आपण मुलांना त्याच हवेत तासन्‌तास उभं करतो.

तरीही माझं उत्तर ‘हवेत’ असंच आहे. फक्त त्यासाठी दिली जाणारी नेहमीची कारणं मला पुरेशी वाटत नाहीत. ‘कॅडॅव्हर (मृतदेह) हा विद्यार्थ्याचा पहिला रुग्ण’, ‘मृत्यूपुढे नम्र व्हायला शिकतो’, पहिल्या दिवशी घेतली जाणारी शपथ, फुलं, उदबत्ती. हे सगळं खरं आहे, मीही मुलांना ते सांगत आलो. पण नुसत्या भावनेच्या बळावर एवढा खर्चिक विभाग अर्थखात्यापुढे फार काळ टिकणार नाही. माझं कारण मटेरियल सायन्समधून, म्हणजे पदार्थांच्या गुणधर्मांच्या शास्त्रातून येतं, आणि त्याचा शेवट थोडा अडचणीचा आहे. तो असा, की डिसेक्शन हॉल वाचवायचा असेल तर तो एकट्या डॉक्टरांच्या मालकीचा ठेवून भागणार नाही.

टाचेचं हाड घ्या. बोन सेटमधलं, सीनियरकडून विकत घेतलेलं, पेन्सिलीच्या रेघा मारलेलं. मागच्या बाजूला वर एक गुळगुळीत भाग, मधे जरा खरखरीत, खाली ओबडधोबड. तोंडी परीक्षेत परीक्षकाचा चिमटा मधल्या भागावर टेकतो आणि उत्तर येतं, ‘सर, टेंडो कॅल्केनियस’. मार्क मिळतात. पण चालताना-धावताना अंगाचा सगळा भार ओढणारी ही कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडाला धरून कशी राहते, हे ना परीक्षक विचारतो ना विद्यार्थ्याला सुचतं. हाड कंडरेपेक्षा दहापटीहून अधिक ताठ असतं. इतके विजोड दोन पदार्थ थेट एकमेकांना चिकटवले तर ताण सगळा जोडावर एकवटतो आणि जोड सुटतो. हे कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमधला कारागीर सांगेल. शरीराने यावर काढलेला तोडगा असा: कंडरेच्या तंतूंमध्ये आधी कूर्चा मिसळते, पुढे त्या कूर्चेत क्षार उतरतात आणि मग हाड सुरू होतं. असे चार टप्पे, तेही जेमतेम मिलिमीटरभर अंतरात.

हा मिलिमीटर किती महत्त्वाचा आहे ते खांद्याच्या सर्जनना विचारा. फाटलेली कंडरा ते हाडात अँकर ठोकून परत शिवतात. जखम भरते, पण ते चार टप्पे परत येत नाहीत, मधे नुसता व्रण तयार होतो. फाट मोठी असेल तर शिवलेली कंडरा पुन्हा फाटण्याचा धोका त्यांना आजही सतावतो. हा जोड कृत्रिमरीत्या साधावा म्हणून मटेरियल सायन्सच्या प्रयोगशाळांमध्ये नॅनोतंतूंच्या जाळ्या विणल्या जाताहेत, एका टोकाला मऊ आणि दुसऱ्या टोकाकडे खनिजाचं प्रमाण वाढत जाणाऱ्या. दोन पदार्थ जिथे भेटतात त्या सीमेचा, इंटरफेसचा, अभ्यास हा आज या शास्त्राचा गाभा आहे. सेमीकंडक्टरवाल्यांना हे आधी कळलं. हर्बर्ट क्रोमर यांनी २०००च्या नोबेल व्याख्यानात म्हटलं होतं की पुष्कळदा इंटरफेस हेच उपकरण असतं. शरीरात बसवायच्या वस्तूंबाबत ते तितकंच लागू आहे. तिथे बिघाड होतो तोही बहुधा सीमेवरच.

आता काचेच्या टेबलाकडे परत या. पडद्यावरच्या देहांचा मूळपुरुष म्हणजे जोसेफ पॉल जर्निगन. टेक्सासमध्ये १९९३ साली त्याला मृत्युदंड झाला. देह त्याने विज्ञानाला दिला होता. तो गोठवून एकेक मिलिमीटरचे १,८७१ काप घेतले गेले, प्रत्येकाचं छायाचित्र काढलं गेलं आणि १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने ते जगाला खुलं केलं. पुढच्या वर्षी आलेल्या स्त्रीदेहाचे काप मिलिमीटरच्या एक तृतीयांश जाडीचे होते. काम अचाट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मिलिमीटरभरात निसर्गाने चार टप्पे बसवले, तो तिथे एका कापात संपतो. नंतरची चित्रं अधिक बारीक झाली असली तरी खरी अडचण त्यापुढची आहे. सॉफ्टवेअर प्रत्येक अवयवाला वेगळा रंग देतं आणि दोन रंगांमध्ये एक स्वच्छ रेघ ओढतं. शरीरात ती रेघ नसते. यकृत आणि पित्ताशय यांच्यामधला थर शोधताना सर्जनचं बोट जे चाचपतं, ते या रेघेत नाही. पडदा नकाशा शिकवायला उत्तम आहे, धमन्यांच्या शाखा आणि मेंदूचे कक्ष त्यावर बघावेत. जिथे एक पदार्थ संपून दुसरा सुरू होतो, तिथे मात्र त्याने आधीच निकाल देऊन टाकलेला असतो.

पण देहाची बाजू घेणाऱ्या आम्हा मंडळींनीही आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघावं. आम्ही मुलांपुढे जो देह ठेवतो, तो तरी कुठे खरा असतो? फॉर्मल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. त्यामुळे देह कुजत नाही आणि त्यामुळेच तो कडक होतो. कातडं कमावतात त्याच जातीची ही क्रिया. फुफ्फुस दाबलं तर दबत नाही, आतडं ताणलं तर ताणत नाही, कोपर वळत नाही. सगळ्याचा रंग एकच, भुरकट. आणि फॅशियाचे, म्हणजे अवयवांना वेढणाऱ्या पातळ पडद्यांचे जे थर बोटाने अलगद सुटायला हवेत ते एकमेकांना चिकटून बसतात. मुलं मग स्काल्पेल चालवतात, आणि नस कुठली नि संयोजी ऊतकाचा धागा कुठला हे कळेपर्यंत दोन्ही कापून झालेले असतात. म्हणजे पडदा सीमा रेघेने पुसतो, आम्ही रसायनाने.

यावर उपाय आहे आणि तो नवाही नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे वॉल्टर थील यांनी १९९२ मध्ये देह मऊ ठेवणारी पद्धत प्रसिद्ध केली: क्षारांचं मिश्रण, बोरिक ॲसिड, ग्लायकॉल आणि नावापुरतं फॉर्मलिन. सांधे वळतात, रंग बराचसा टिकतो, थर सुटतात. स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाने ती उचलली. खर्च जास्त, टाक्या मोठ्या लागतात, रसायनं जास्त लागतात, म्हणून आपल्याकडे ती अपवादानेच दिसते. सगळे देह असे ठेवावेत असं मी म्हणत नाही. प्रत्येक सरकारी महाविद्यालयात दोन-तीन तरी असावेत.

जाता जाता एक आठवण करून देतो, अभिमानाची ढोलताशे-मिरवणूक न काढता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात देह पाहण्याची रीत दिली आहे. गवताने गुंडाळलेला देह पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, सात रात्रींनी बाहेर काढायचा आणि वाळा, केस, बांबू यांच्या कुंचीने हळूहळू घासत त्वचेपासून आत एकेक थर डोळ्यांनी पाहायचा. कापायला शस्त्रं असताना या माणसाने कुंची निवडली. त्याला थर बघायचे होते.

इथवर फक्त डॉक्टरांच्या शिक्षणाचं झालं. या गोष्टीची दुसरी बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे तिच्यावर जवळजवळ कुणी बोलत नाही.

खुब्याचा कृत्रिम सांधा आज गल्लीतल्या आजी-आजोबांना बसवला जातो. तो ज्यांनी मार्गी लावला ते जॉन चार्नले इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयात काम करत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सांध्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन निवडलं. कारण साधं होतं: त्याहून कमी घर्षणाचा घन पदार्थ तेव्हा माहीत नव्हता. रुग्ण चालायला लागले, खूश झाले. दोन-तीन वर्षांत वाट्या झिजल्या, झिजेचा भुगा आजूबाजूच्या ऊतकांत साचला, गाठी झाल्या. सुमारे तीनशे रुग्णांचा प्रश्न होता. भुग्याचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो हे पाहायला चार्नलेंनी टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत घालून घेतले. मग १९६२ मध्ये एक विक्रेता एक नवं प्लास्टिक घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतल्या मागांची दातेरी चक्रं त्याची बनत. चार्नलेंनी ते बाजूला सारलं. त्यांचा तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन याने मात्र सर परगावी गेलेले असताना ते झीज मोजायच्या यंत्रावर चढवलं. ते टेफ्लॉनच्या मानाने फारच कमी झिजत होतं. हेच ते अतिउच्च रेणूभाराचं पॉलिएथिलीन, आजही वाटीत वापरलं जाणारं.

या गोष्टीतून ‘चिकाटीने यश मिळतं’ वगैरे काढणाऱ्यांनी खुशाल काढावं. मला त्यात दिसते ती एका छताखालची गर्दी: सर्जन, लेथवरचा तंत्रज्ञ, प्लास्टिक विकणारा, आणि झिजलेल्या वाट्या ज्यांच्या खुब्यातून काढल्या ते रुग्ण. गिरण्या आपल्याकडेही होत्या. केईएम तर गिरणगावाच्या मधोमध उभं आहे. मागाच्या चक्रातलं प्लास्टिक परळच्या कुठल्या सर्जनच्या टेबलावर येण्याची वाटच आपण कधी तयार केली नाही.

वाट केली तिथे फळ दिसलं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयशल्यविशारद मार्तंड वर्मा शंकरन वलियाथन यांनी रुग्णालय आणि जैववैद्यकीय तंत्रज्ञान विभाग एकाच संस्थेत आणले. भारतीय हृदयझडप बनवताना त्यांचे आधीचे नमुने एकामागून एक फसले. एकात धातूची कमान तुटली, एकात नीलमण्याच्या चकतीने टायटॅनियम झिजवलं. पुन्हा सीमाच. शेवटी कोबाल्ट-क्रोमच्या मिश्रधातूची चौकट आणि चार्नलेंच्या त्याच पॉलिएथिलीनची चकती, ही जोडी जमली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णात बसवली गेली. परदेशी झडपेच्या किमतीच्या अंशात मिळणारी ही झडप पुढे लाखभर लोकांच्या छातीत टिकटिकली.

आणि वाट नसली की काय होतं, तेही आपण भोगलं आहे. डिप्यू कंपनीचा एएसआर हा धातूवर धातू घासणारा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. सुमारे ९३ हजार लोकांना तो बसला होता, भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. वाटीचा कोन शस्त्रक्रियेत जरा इकडचा तिकडे झाला की कडेवर भार येई, मधला द्रवाचा पातळ थर तुटे आणि कोबाल्ट-क्रोमियमचे कण रक्तात उतरत, आजूबाजूचं ऊतक मरे. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत पोलिसांत तक्रार केली, केंद्राच्या तज्ज्ञ समितीच्या शिफारशीत किमान २० लाखांच्या भरपाईचा आकडा यायला २०१८ उजाडलं.

मृतदेहावर चाचणी घेतली असती तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. मेलेल्या देहात झीज होत नाही, सूज येत नाही, दहा वर्षं चालून दाखवायला तो उठत नाही. पण प्रत्येक माणसाची श्रोणी, म्हणजे कमरेचं हाडांचं कडं, वेगळी वळलेली असते, आणि आडवा झोपलेला, चरबीने झाकलेला, अर्धवट दिसणारा खुबा समोर असताना वाटी नेमक्या अंशात बसवणं किती कठीण आहे, हे ज्याने हात घालून पाहिलं आहे तो डिझायनर ‘कोन चुकला तर काय?’ हा प्रश्न ड्रॉइंग बोर्डावरच विचारतो. ज्याने कधी पाहिलं नाही, त्याच्यासाठी वाटी म्हणजे पडद्यावरचा अर्धगोल आणि कोन म्हणजे त्याने स्वतः टाइप केलेला आकडा.

आपले इंजिनिअर बहुतांशी त्या दुसऱ्या गटात आहेत, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पवईला आयआयटीत वैद्यकीय उपकरणं घडवणारं बेटिक केंद्र आहे, पुण्याला सीओईपी आणि नागपूरला व्हीएनआयटी त्याला जोडलेल्या. तिथली मुलं हुशार आहेत, सर्जनांशी बोलतात, थ्रीडी प्रिंट काढतात. मात्र कांजूरमार्गहून लोकल धरून परळला उतरणाऱ्या मटेरियल सायन्सच्या पीएचडीच्या विद्यार्थ्याला डिसेक्शन हॉलमध्ये कोणत्या अधिकाराने उभं करायचं, याची सर्वांसाठी ठरलेली रीत नाही. ओळखीचे सर असले तर जमतं. एक खातं वैद्यकीय शिक्षणाचं, दुसरं उच्च व तंत्रशिक्षणाचं; एकाचं विद्यापीठ नाशिकला, दुसऱ्यांची विद्यापीठं गावोगाव. त्याच्या टायटॅनियमवरचा ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर त्याला पाठ असतो. ते टायटॅनियम ज्या हाडात जाणार ते बाहेरून घट्ट आणि आतून जाळीदार असतं, त्यावर पेरिऑस्टियमचं आवरण असतं, आणि वय झालेल्या बाईच्या मणक्यात स्क्रू जवळजवळ हाताने फिरतो, हे त्याला शोधनिबंधातून कळतं. उलट अस्थिरोग विभागातला रेसिडेंट रोज प्लेटा बसवतो, आणि स्टीलची प्लेट हाडापेक्षा सुमारे दहापट ताठ असल्याने भार स्वतःवर घेते, म्हणून खालचं हाड विरळ होतं, हे त्याला कुणी नीट शिकवलेलं नसतं. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियम रुजल्याचं लक्षात आलं, ते रक्ताभिसरण पाहत असताना. हाडातून आपलं उपकरण निघेना म्हणून वैतागून ते फेकलं नाही, कारण हाड आणि धातू दोन्हींकडे बघायची त्यांना सवय होती.

माझी मागणी मोठी नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या डिसेक्शन हॉलमध्ये जैववैद्यकीय आणि मटेरियल सायन्सच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एक सत्र राखीव ठेवा, शरीररचनेच्या शिक्षकांच्या देखरेखीखाली, तीच शपथ घेऊन. पहिल्या वर्षाच्या मुलांना हाडं शिकवताना प्रत्येक मोठ्या जोडाला निदान दहा मिनिटं द्या: काय कशाला चिकटलं आहे आणि कसं टिकतं. जिथे मऊ जतनाची सोय होईल तिथे ती या दोघांना मिळून वापरू द्या. यांत्रिक चाचणीसाठी थीलचा देहही पूर्ण भरवशाचा नाही, बोरिक ॲसिड स्नायूतंतूंना कमकुवत करतं. त्यासाठी गोठवलेला ताजा देह लागेल आणि शीतगृहाचा खर्च सरकारला उचलावा लागेल. काचेच्या टेबलाला पैसे मिळतात, तर याला का नाहीत?

यावरचा खरा आक्षेप मात्र पैशाचा नाही, तो संमतीचा आहे, आणि तो मला मान्य आहे. इंजिनिअरांच्या हाती देह देणं ही काही नवी कल्पना नव्हे. डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात १९३०च्या दशकाच्या शेवटापासून मोटारींच्या अपघाताचा अभ्यास देहांवर झाला आणि आजच्या सुरक्षित गाड्यांत त्याचा वाटा आहे. पण आपली आई विद्यार्थ्यांना शिकता यावं म्हणून देह देऊन गेली, असं समजणाऱ्या मुलाला तिच्या मांडीच्या हाडाचं यंत्रावर काय झालं हे नंतर कळलं तर तो चिडेल, आणि त्याचं चिडणं रास्त असेल. बेवारस देहांचा प्रश्न तर आणखी टोचरा. १९४९चा ॲनॅटॉमी कायदा मुळात झाला तोच असे देह महाविद्यालयांना मिळावेत म्हणून. फूटपाथवर मेलेल्या माणसाला कुणी काही विचारलेलं नसतं. डॉक्टर घडवण्यासाठी समाजाने ते चालवून घेतलं. कंपनीच्या उत्पादनाच्या चाचणीसाठी ते चालवून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. बेवारस देह संशोधनाच्या या वाटेवर येताच कामा नयेत.

म्हणजे उरतात ते स्वेच्छेने दिलेले देह, आणि तिथे काम सोपं आहे. देहदानाच्या अर्जावर शिक्षण, वैद्यकीय संशोधन आणि उपकरणांची चाचणी अशा तीन वेगळ्या संमती घ्या, प्रत्येकीपुढे सही. ज्याला फक्त पहिली द्यायची त्याने पहिलीच द्यावी. खासगी कंपनीचा पैसा असलेल्या कामासाठी नैतिकता समितीची परवानगी आणि कुटुंबाला आधी कळवणं सक्तीचं करा. वर्षाअखेरीस महाविद्यालयाने कुठल्या प्रकारच्या कामासाठी देह वापरले ते जाहीर करावं, नावं न देता. देहदान करणारे लोक आपल्या समजुतीपेक्षा बरेच व्यवहारी असतात. वर्षानुवर्षं अर्ज भरून घेताना मला आजोबा भेटले, शिक्षिका भेटल्या, एक निवृत्त फिटर भेटले. त्या फिटरांनी चष्मा पुसत विचारलं होतं, ‘माझ्या गुडघ्यात स्टीलचा तुकडा आहे, त्याचं काय करणार तुम्ही?’ त्यांच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता, मी समासात लिहून घेतलं.